काचेमागची चिठ्ठी

त्या काचेमागे काहीतरी पांढरं हललं होतं... एवढं नक्की. मग लांब आवाज झाला, दिवा विझला, "हो गया बाबाजी, चला समोर," असं कुणीतरी म्हणालं — आणि उदाराम गुरुजी शाईचं बोट तसंच उभं धरून शाळेच्या ओट्यावर येऊन बसले. चिठ्ठीवर आपलंच चिन्ह होतं का? गोंदियाच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू पिकल्याचं सांगितलं होतं; धान निघू दे, मग पाहू, म्हणत गुरुजींनीच ऑपरेशन टाळलं होतं.

आणि गेले कित्येक दिवस गुरुजी गावभर समजावत फिरत होते ते हेच — मतदानाच्या यंत्रावर शंका आहे ना, मग काचेतून मताची चिठ्ठी स्वतः बघा, कुणी सांगतं म्हणून मानू नका. चौथीच्या वर्गातही आयुष्यभर हेच... कुंडीत बी पेरायचं आणि म्हणायचं, मोड आला म्हणतो मी, पण तुम्ही बघा. पोरं खरंच उकरून बघायची.

"गुरुजी, बोट काऊन वर करून राहिले? उत्तर येते का?" शेजारची देवकाबाई, हातात विळा. "मी तं येतच नव्हतो. आमचा भुपेंद्र म्हणते, बटन कोनतंबी दाबा, मत जाते तिकडंच. तुमाले चिठ्ठी दिसली का? तुमी पायली असन तं जातो. नाही तं बांधीत धान पडून राहिलं माझं."

नाही म्हटलं तर ही परत जाईल, हिच्यामागे टोलीवरच्या वस्तीतल्या बायाही. माझ्या डोळ्यांपायी त्यांची मतं बुडतील. आणि हो म्हटलं तर...

"दिसली," गुरुजी म्हणाले.

"मंग झालं." विळा त्यांच्याजवळ ठेवून ती रांगेत शिरली.

उठावं, हाक मारावी, सांगावं — बाई, मला नीट दिसलं नाही, तू तरी बघ — एवढंच तर होतं. पण अंगात आलेला शीण गुडघ्यांचा नव्हता. तो कुठून आला ते शोधण्यातच रांग सरकली, ती आत गेली, बाहेरही आली.

"पाहिली?"

"दिसली," देवकाबाई म्हणाली. विळा उचलताना, त्यांच्याकडे न बघता, अगदी त्यांच्याच स्वरात.

कोणतं चिन्ह, हे विचारता येत नव्हतं. मत तिचं, गुप्त. तिचे डोळे तर धड आहेत, दिसलंही असेल... ती बांधाच्या वाटेनं निघाली. तिचं म्हणणं खरं असावं, असं गुरुजींना वाटत होतं, फार वाटत होतं — आणि इतकं वाटतंय म्हणूनच ते मानायला मन धजत नव्हतं.