पास्टरांच्या ताटातली तुकडी

दरवर्षी परतभेटीच्या रविवारी, पोटापाण्यासाठी शिकागो-डेट्रॉइटला गेलेली आमची माणसं दक्षिणेतल्या याझू नदीकाठच्या आपल्या चर्चमध्ये येतात. दुपारी अंगणात तळलेले मासे, आणि मग पास्टर मोझेलींचं प्रवचन. बोलता बोलता ते गाऊ लागतात, आम्ही बाकांवरून ओ देतो, आणि देव सरकून आमच्या शेजारी बसतो.

गेल्या वर्षी तो सूर लागलाच नाही. स्वयंपाकातल्या सिस्टर ओडेसाने चिरलेल्या बफेलो माशाचा काटा पास्टरांच्या घशात अडकला आणि प्रवचन कुजबुजीत आटोपलं. तेव्हापासून स्वयंपाकघरात ओडेसाकडे फक्त भेंडी चिरायचं काम.

यंदा मुख्य स्वयंपाकीण मिस व्हर्डेलचं मनगट प्लास्टरमध्ये. त्यात जाळ्याला कमी काट्यांचे कॅटफिश लागलेच नाहीत, सगळे बफेलो. बफेलोच्या पाठीत बारीक, दोन फाटे फुटलेले काटे असतात, ते काही उपटून निघत नाहीत. मांसाच्या बाजूने जवळजवळ चिरा पाडायच्या, म्हणजे उकळतं तेल आत शिरून काटे कुरकुरीत होतात. चीर उथळ राहिली तर काटा शाबूत. कातडी कापली गेली तर तुकडी कढईत फुटते.

"ओडेसा, सुरी घे."

"नको, मिस व्हर्डेल. मला आपली भेंडी द्या."

"भेंडी खायला डेट्रॉइटहून आलेत का लोक? गेल्या वर्षी कातडी फाटेल म्हणून भीत भीत वरवर चिरलंस. अगं, इथे डोळे नाही, कान लावायचे. काटे कापताना कुर्रर्र वाजतं. वाजायचं थांबलं की थांब, खाली कातडी आहे."

मी शेजारीच खवले खरवडत होते. ते केसांत, कोपरांवर उडत होते. पोटं साफ झाली, कण्यालगतचं काळं रक्त अंगठ्याने धुऊन निघालं. ओडेसाने पाठीची फाक कातडी खाली करून ठेवली आणि मांसावर सुरी टेकवली.

"गप्प बसा गं सगळ्या!" मिस व्हर्डेल ओरडली.

कुर्रर्र. थांब. कुर्रर्र. थांब. आधी चाचपडत, मग ठेक्यात. आम्हाला राहवेना, त्या ठेक्यावर हळूच गुणगुणू लागलो. ओडेसा हसली, पण सुरी चुकली नाही. मक्याच्या पिठात घोळून तुकड्या कढईत पडल्या. एकही फुटली नाही.

पास्टरांनी मुद्दाम पाठीची जाड तुकडी उचलली. "कुणाच्या हातची?"

"माझ्या," ओडेसा म्हणाली.

चर्चचा कारभार बघणाऱ्या डीकन टायरींनी पाव पुढे सरकवला. "हा असू द्या जवळ. काटा ढकलायला."

"टायरी, तो तूच खा." पास्टरांनी तुकडी कडाकडा चावली. अंगणभर सगळ्यांचे घास हातातच राहिले. त्यांनी बोटं चाटली. "अजून एक वाढ, सिस्टर!"

मग प्रवचन. चुकलेल्याला पुन्हा त्याच कामाला बोलावणाऱ्या देवाची गोष्ट. सूर चढत गेला, खिडक्यांच्या काचा थरथरल्या, ओडेसा दोन्ही हात उंचावून उभी राहिली. "गा, पास्टर, गा!" तिच्या केसांतला एक खवला लखलखत होता.

मिस व्हर्डेल प्लास्टरचा हात बाकावर आपटत मला म्हणाली, "ऐकलंस? कुठे म्हणून अडकलं नाही!"