आरतीआधी उठायचं नाही

लॅबच्या काचेच्या दाराला हात लावून आश्लेषा परत फिरली. दार तिने ढकललंसुद्धा नव्हतं. स्पिरिटचा वास खरंच आला, की तिला नुसता भास झाला, कोण जाणे. पण पाय आपोआप वळले आणि ती फ्रीमाँटच्या त्या लांबलचक, रिकाम्या फुटपाथवरून घराकडे चालू लागली.

चालता चालता तिचा हात पोटावर गेला. दहावा आठवडा लागायला आला होता. "सॉरी हं," ती हळूच म्हणाली.

आधीच्या खेपेला ती निदान आत तरी गेली होती. पहिल्या तपासणीनंतर डॉक्टरीणबाईंनी एका कागदावर खुणा करून दिल्या होत्या, एवढं रक्त तपासून घे म्हणून. रक्त द्यायला उपाशीपोटी जायचं असतं, हे आश्लेषाला कुणी सांगावं लागलं नाही. सांगलीला बाबांची साखर तपासायची असली की त्यांनी चहाचा घोटही घेऊ नये म्हणून आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची. त्यातून तो दिवस संकष्टीचा. एवीतेवी उपास आहेच, मग पाणी तरी कशाला, असं म्हणून ती कोरड्या तोंडाने जाऊन बसली. दंडाला रबराचा पट्टा बांधला, मूठ आवळली, आणि शीर काही सापडेना. हा हात झाला, तो हात झाला, मग पंजाची मागची बाजू. तिसऱ्या टोचणीला समोरची भिंत तिरकी झाली आणि आश्लेषा खुर्चीतून घसरली.

डोळे उघडले तेव्हा रक्त घेणारी फिलिपिनो बाई तिच्या कपाळावर ओला रुमाल धरून विचारत होती, "तुला उपाशी यायला कुणी सांगितलं? कागदावर कुठे लिहिलंय?"

कुठेच लिहिलं नव्हतं. उद्या खाऊन, भरपूर पाणी पिऊन ये, असं त्या बाईने तिला समजावून सांगितलं.

तो उद्या काही आला नाही. सुया तिला लहानपणापासूनच नकोशा. आता तर नुसत्या त्या पट्ट्याच्या आठवणीने हाताला घाम सुटायचा. त्या संध्याकाळी टोचण्यांचे डाग झाकायला तिने लांब बाह्यांचा कुर्ता घातला. तिचा नवरा प्रसन्न सॅन होजेच्या ऑफिसातून, ट्रॅफिकमधून दमून घरी आला.

"झाली टेस्ट?"

"झाली."

आठवड्याने त्याने पुन्हा विचारलं, "रिपोर्ट काय म्हणतात?"

"सगळं नॉर्मल."

तो इतका खूश झाला की सिंकमधली सगळी भांडी त्यानेच घासली, चुकीच्या शब्दांनी गाणी म्हणत. ते बघून आश्लेषाला आणखीनच कसंतरी झालं.

आणि आज सकाळी दवाखान्यातून नर्सचा फोन. रिपोर्ट अजून आलेले नाहीत. तुमचा रक्तगट आम्हाला माहीत नाही. तो निगेटिव्ह निघाला तर बाळासाठी एक इंजेक्शन योग्य वेळी द्यावं लागतं. उद्या, म्हणजे बुधवारी, रक्त दिलंत तर शुक्रवारच्या भेटीपर्यंत कळेल. शुक्रवारी प्रसन्न सुट्टी काढून बरोबर येणार होता. त्याला खोटं कळणार, ते तर होतंच. पण फोन ठेवल्यावर तिच्या मनात आलं ते वेगळंच होतं. बाळाला बाहेर यायला सात महिने आहेत, आणि त्याला आईकडून लागलेली पहिलीच गोष्ट आपण देत नाही आहोत.

"अगं ए! पाय दुखतील, हळू चाल."

समोरून शरयूकाकू येत होत्या. शेजारच्या टाउनहाउसमधल्या विक्रमची आई, नागपूरहून सहा महिन्यांसाठी आलेली. साडीखाली स्नीकर्स आणि वर विक्रमच्या कंपनीचं जॅकेट. नागपूरला संध्याकाळी देवळात कीर्तन चुकवायचं नाही हा त्यांचा नेम. इथे कुठलं कीर्तन? मग त्या कॅसेट लावून एकट्याच टाळ्या धरायच्या. भिंतीपलीकडून त्या टाळ्या ऐकूनच आश्लेषाने पहिल्यांदा त्यांचं दार वाजवलं होतं. तिचे आजोबा जगन्नाथबुवा सांगलीकडचे कीर्तनकार, आणि लहानपणी त्यांच्या मागे झांज घेऊन बसायचा मान तिचा. तेव्हापासून चहाच्या कपावर दोघींचं कीर्तन चालायचं. काकू खोदून खोदून विचारायच्या, आणि आश्लेषा आजोबांची आख्यानं आठवून सांगायची.

"तोंड का असं उतरलं?" काकूंनी विचारलं.

"काही नाही, काकू. वॉकला गेले होते."

"पर्स घेऊन? अन् हातात तो कागद घेऊन?" काकूंनी आवाज खाली आणला. "हे बघ, तीन महिने कुणाला सांगायचं नसते, ते मला समजते. मी कुठे विचारलं? पण भिंत पातळ आहे, बाई. आमच्याकडे फोडणी पडली की तुमचं मागचं दार उघडते. पंधरा दिवस झाले बघते आहे. फोडणी, की दार. काल तर मी बिचारीने वरणाला फोडणीच नाही दिली."

आश्लेषाला हसू आलं, आणि त्या हसण्यातूनच रडू फुटलं. बसस्टॉपच्या बाकावर बसून तिने सगळं सांगितलं. संकष्टी, तीन टोचण्या, नॉर्मल रिपोर्ट, सकाळचा फोन.

एवढंसं तर टोचते, असं काही काकू म्हणाल्या नाहीत. बराच वेळ त्या तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "उद्या दहा वाजता मी येते. उपमा करून आणते. बिनफोडणीचा."

"बिनफोडणीचा उपमा?"

"म्हणजे सांजाच म्हण. पण खायचा."

दुसऱ्या दिवशी काकूंनी खरोखरच समोर बसून तो फिका सांजा खाऊ घातला, वर तीन पेले पाणी पाजलं. लॅबपर्यंत दोघी चालत गेल्या. या वेळी दार काकूंनी उघडलं. आश्लेषाने नाव लिहिलं आणि त्या भिंतीकडेच्या खुर्च्यांवर बसल्या. समोर एक चिनी आजोबा वर्तमानपत्र वाचत होते. कोपऱ्यात टीव्ही आवाज न करता चालू होता. आतल्या खोलीचं दार उघडलं आणि कुणीतरी कोपराला कापूस दाबून बाहेर आलं.

आश्लेषाने पर्स उचलली.

"काकू, मी जरा बाहेर जाऊन येते. दोनच मिनिटं."

काकूंनी तिला अडवलं नाही. त्या खाली वाकल्या, स्नीकर्सच्या नाड्या सोडल्या, बूट खुर्चीखाली सारले आणि अनवाणी तिच्यासमोर उभ्या राहिल्या. पदर खांद्यावरून घेतला. हात जोडले, डोळे मिटले, आणि अगदी हलक्या आवाजात, पण पुरत्या सुरात म्हणाल्या, "नमन त्या दयाघनाला. नमन गुरुमाउलीला. आणि नमन इथे जमलेल्या थोरामोठ्यांना."

शेवटचं नमन चिनी आजोबांकडे गेलं. त्यांनीही मान लववली.

आश्लेषा अर्धी उठली होती, ती तशीच थांबली. "काकू, हे काय? ही फसवणूक आहे!"

"झालं, उभी राहिली मी. आता तुझ्या आजोबांचा नियम सांग बरं."

तो नियम तिनेच एकदा चहा पिताना सांगितला होता. कीर्तन सुरू झालं की आरती होईपर्यंत उठायचं नाही. आजोबा म्हणायचे, कथा चालू असताना देव सगळ्यांच्या मधे मांडी घालून बसलेला असतो; आपण उठलो तर त्याला पाय आवरून घ्यावे लागतात. ती सात वर्षांची असताना एका देवळात तिच्या सतरंजीखाली लाल मुंग्या निघाल्या. मांड्या पेटल्यासारख्या झाल्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण पोरीने झांज थांबवली नाही की जागा सोडली नाही. आरतीनंतर आजोबांनी स्वतः तिच्या पायांना खोबरेल लावलं, आणि म्हणाले होते, आजचं कीर्तन माझं नव्हे, हिचं झालं.

"इतक्या मुंग्यांना पुरून उरलीस," काकू म्हणाल्या, "ही तर एकटी मुंगी आहे. बस."

आश्लेषा बसली. पर्स मांडीवर घट्ट धरून, पण बसली.

काकूंनी आख्यान लावलं ते तिनेच सांगितलेलं, कळशीवालीचं. एका गावात एक पोटुशी बाई होती. देवाला रोज नदीची एक कळशी वाहायची असा तिचा नेम. ऊन रणरणतं, नदी लांब. परतताना वाटेत तहानलेलं वासरू भेटलं. त्याला तिने ओंजळभर पाणी पाजलं...

"अ‍ॅश... अ‍ॅश-लेशा?" आतून हाक आली.

काकूंनी बूट हातात घेतले आणि कथेत खंड न पाडता तिच्यासोबत आत निघाल्या. तीच फिलिपिनो बाई होती. तिने आश्लेषाला ओळखलं. "आज जेवून आलीस ना? छान. या तुझ्या आई का?"

"शेजारच्या," आश्लेषा म्हणाली. "त्या गोष्ट सांगतायत. सांगू देत?"

"मला काय, सांगू दे. हात तेवढा हलवू नकोस."

ट्रेमध्ये रंगीत टोपणांच्या नळ्या ओळीने मांडलेल्या. काकूंनी एकवार तिकडे नजर टाकली. रबराचा पट्टा दंडाला बसला. आश्लेषाने काकूंच्या अनवाणी पायांकडे डोळे लावले.

"मग पुढे एक म्हातारा भेटला," काकू म्हणाल्या. "दिली त्याला ओंजळ. पुढे एक लेकरू. दिली. पुढे एक गाढव."

"गाढव?" आश्लेषाने मान वर केली. टोचलं ते तेव्हाच, चुरचुरलं, आणि तिने ओठ दाबले. "काकू, गाढव नाहीये त्यात. आजोबांच्या आख्यानात तिघंच आहेत!"

"तुझ्या आजोबांच्या गावात तीन असतील. हे गाव मोठं आहे. मग एक धोबीण भेटली."

"काकू!"

"धोबिणीला तहान नाही लागत? मग तिची सासू."

"आता सासू कुठून आली?"

"सासू सगळीकडे येते, बाई. तुझीही येईल, बाळंतपणाला."

आश्लेषाला हसू आवरेना. "हात, हात!" ती बाई म्हणाली, पण तिलाही हसू फुटलं होतं, एक अक्षर न कळता.

"आणि सातवं," काकूंनी ट्रेकडे पाहून आवाज मंद केला, "वाटेवरचं एक वाळलेलं तुळशीचं रोप. त्याला तिने शेवटची ओंजळ घातली आणि रिकामी कळशी घेऊन देवापुढे रडत उभी राहिली. म्हणाली, देवा, तुझं सगळं पाणी मी वाटेत देऊन टाकलं. तर बघते काय, देवाच्या अंगावरून पाणी निथळतंय. सात ओंजळी. आणि काखेतली कळशी जड का लागते म्हणून डोकावली, तर ती काठोकाठ भरलेली."

आजोबांच्या कीर्तनात देवाच्या अंगावर पाणी होतं. कळशी मात्र कधी पुन्हा भरली नव्हती. ती काकूंनी भरली.

"संपलं," ती बाई म्हणाली आणि कोपरावर कापूस दाबला.

आश्लेषाने पहिल्यांदाच नळ्यांकडे पाहिलं. सात. तिला वाटलं होतं तसं काही झालं नाही; भिंती सरळच उभ्या होत्या. कागदी कपातला सफरचंदाचा रस तिने दोन्ही हातांनी घेतला आणि प्यायला.

बाहेर काकू बूट घालायला बसल्या. आश्लेषा मात्र उभी. "काकू, आरती राहिली."

"लगेच आरती कुठली? हा तर पूर्वरंग. आरती बाळ आल्यावर. तोवर मधे उठायचं नाही, समजलं?"

संध्याकाळी प्रसन्न आला तेव्हा आश्लेषा अर्ध्या बाह्यांचा कुर्ता घालून बसली होती. तिने कोपरावरची पट्टी त्याला दाखवली आणि सगळं सांगून टाकलं. लॅपटॉपची बॅग त्याच्या खांद्यावर तशीच.

"आश्लेषा, मला का नाही सांगितलंस?"

"तू म्हणाला असतास, एवढंसं तर टोचतं."

त्याने विचार केला. "हो यार. म्हणालो असतो." मग बॅग खाली ठेवून तो जवळ बसला आणि पट्टीवर अलगद बोट ठेवलं. "पण नॉर्मल असं पुन्हा नको सांगूस. मी आईला तर नाही, पण गणपतीला सांगून बसलो होतो."

"त्याला खरं माहीत होतं," ती म्हणाली.

शुक्रवारी डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला. रक्तगट ओ पॉझिटिव्ह, इंजेक्शन नको. हिमोग्लोबिन थोडं कमी, गोळ्या घे. मग त्यांनी पोटावर गार जेल लावून छोटं यंत्र फिरवलं. आधी नुसती खरखर. आणि मग एकदम तो आवाज, भरभर, न थकता. आश्लेषाच्या बोटांनी आपोआप झांजेची लय धरली. प्रसन्नने ती बोटं हातात घेतली.

"सोळाव्या आठवड्यात आणखी एक रक्ततपासणी," डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता म्हणाल्या.

गाडीत बसल्यावर आश्लेषाने गोळ्यांची चिठ्ठी पर्समध्ये ठेवली. "काकू पुढच्या महिन्यात नागपूरला चालल्यात," ती म्हणाली.

प्रसन्नने गाडी सुरू केली नाही. "मग मी येतो. ती कळशीची गोष्ट मला शिकव."

"बूट काढून उभं राहावं लागतं. सगळ्यांसमोर."

"काढीन." त्याने बेल्ट लावला. "आणि नक्की किती जण असतात त्यात? तीन की सात?"

"ते ट्रेमधल्या नळ्या बघून ठरव," आश्लेषा म्हणाली.