खांब बसला

"दहा मिनिटं ढकल आणि मग खाली बस. गुडघा धरून. ओरडायची गरज नाही, तुझं तोंड तसंही बारा महिने दुखल्यासारखंच असतं."

मध्यंतरात आमचा कोच लाकाझ हे फिर्मांला म्हणाला आणि तीन-चार जण हसले. मला हसू आलं नाही. मी बुटाची नाडी बांधत होतो, सोडत होतो, पुन्हा बांधत होतो.

फ्रान्सच्या बेआर्न भागातलं आमचं गाव छोटं, पण रग्बी क्लब पगारी लीगमधला. त्या रविवारी हरलो असतो तर लीगमधून बाहेर. चार गुणांनी पुढे होतो खरं, पण स्क्रममध्ये, म्हणजे दोन्हीकडचे आठ-आठ जण वाकून खांदे भिडवून रेटतात त्यात, समोरचे आठ जण आमच्या आठांना हातगाडी रेटावी तसे मागे रेटत होते. आमचा उजवा खांब, म्हणजे पहिल्या रांगेत उजव्या टोकाला खांदा लावणारा, पहिल्या अर्ध्यातच बरगडी धरून गेला होता. त्याच्या जागी फिर्मां आला. वय सदतीस, आयुष्यातला शेवटचा सामना. त्याच्यामागे बदली खेळाडू कोणी नव्हता. आणि पहिल्या रांगेत तिथं शिकलेलाच माणूस लागतो, नाहीतर मान मोडायची. तसा माणूस उरला नाही, तर रेफरी रेटारेटीच बंद करतो. दोन्हीकडचे नुसते वाकतात, चेंडू आत येतो, बाहेर जातो. फिर्मां बसला की समोरच्यांचं एकुलतं एक हत्यार गळून पडणार होतं.

"मी बसणार नाही," फिर्मां म्हणाला.

"अरे, इथं गाव बुडायला आलंय आणि तुझं आपलं..."

"बाबा कठड्याशी उभे आहेत."

लाकाझने कपाळावर हात मारून घेतला. फिर्मांचे वडील एल्वा हेही कधीकाळी याच मैदानावर उजवे खांब होते. नाक मोडलं, दात पडले, पण एल्वा कधी खाली बसले नाहीत, हे आमच्या गावात पोरांना अंगावरचं दूध तुटायच्या आधी ऐकवतात. 'खांब बसत नाही' हे त्यांचंच वाक्य.

फिर्मां एकोणिसाव्या वर्षी लाकडाच्या वखारीतून क्लबात आला आणि अठरा वर्षं त्या एका वाक्याखाली वाकून उभा राहिला. खेळाचा पगार मिळू लागला तो मागाहून. मान एवढी जाड झाली की तयार सदऱ्याचं गळ्याचं बटण लागेना, आणि एवढी आखडली की मागून हाक मारली तर अख्खा माणूस वळायचा. चेंडू घेऊन रेषेपलीकडे तो एकदाही गेला नाही. पेपरात नाव यायचं ते यादीत.

आणि हे सांगणारा मी कोण? मी तितू, त्याच रांगेतला मधला. बारा वर्षं माझा उजवा हात त्याच्या खांद्यावर आणि त्याचा डावा माझ्या कमरेला. माझ्या बायकोच्या वाट्यालाही एवढं काही आलं नसेल. त्याचा श्वास अडकला तर त्याच्या आधी मला कळायचं.

दहा मिनिटं गेली, वीस गेली. लाकाझ बाहेर उभा राहून खाली, खाली अशी खूण करत होता. फिर्मांच्या कानातून रक्त येत होतं.

"बस ना रे एकदाचा!" मी वाकता वाकता ओरडलो. खरं सांगतो, मला माझा पगार हवा होता.

"तू बस," तो म्हणाला. "आणि हात घट्ट धर, लेका."

सत्तराव्या मिनिटाला आमच्या रेषेपासून पाच पावलांवर स्क्रम लागला. भिडलो. त्याची पकड माझ्या कमरेवर एकदम आवळली आणि सुटली. बारा वर्षांत ती कधी सुटली नव्हती. खालून वाळकी फांदी मोडल्यासारखा आवाज आला. तो दोनदा उठला, दोनदा डावा पाय दुमडला. मग बसला.

"नाटकी! नाटकी!" समोरचे ओरडले. आमच्या लोकांत हशा पिकला आणि मग टाळ्या. लाकाझने रेफरीपुढे रिकामे हात पसरले आणि माझ्याकडे बघून डोळा मारला. उरलेली दहा मिनिटं कोणी कोणाला रेटलं नाही. समोरच्यांनी लाथेने तीन गुण काढले, तरी आम्ही एका गुणाने तरलो.

क्लबच्या डॉक्टरने गुडघा आवळून बांधला आणि म्हणाला, थेट हॉस्पिटलात जा. "निरोप घेऊन जातो," फिर्मां म्हणाला. क्लबच्या हॉलमध्ये सूप होतं, बदक होतं, गावातली झाडून सगळी माणसं होती. जो तो येऊन त्याच्या पाठीवर थाप मारत होता.

"काय बसलास रे! नाटक कंपनीत जा आता!"

"अजून लंगडतोयस? अरे, सामना संपला!"

"खरंच गुडघा गेलाय त्याचा," मी चिडून म्हणालो.

"हो, हो, तू तर सूत्रधार!"

पुढे ऑपरेशन झालं, तेव्हासुद्धा गावात म्हणाले, पठ्ठ्याने डॉक्टरलाही बनवलं. मी भांडून भांडून थकलो.

"तू तरी बोल," त्या दिवशी हॉलमध्ये मी त्याच्या कानाशी म्हणालो.

"काय बोलू? आता खरं सांगितलं तरी सबबच वाटेल."

तेवढ्यात एल्वा आले, दोन्ही हातांत वाइनचे पेले घेऊन. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, या माणसाला तरी कळेल. हाही खांबच होता.

"शहाणपण आलं म्हणायचं शेवटी," एल्वा म्हणाले आणि एक पेला पोराच्या हातात दिला. "मीही वेळेवर बसायला शिकलो असतो, तर आज ही मान वळली असती. बरं केलंस."

मला इतकं वाईट वाटलं की मी खाली बघायला लागलो.

"हो, बाबा," तो म्हणाला.

त्याने पेला संपवला, टेबलावर ठेवला आणि दाराकडे निघाला. सरळ, एकदाही न लंगडता. "बघा, झाला बरा!" असं म्हणत लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. मी मागोमाग धावलो.

दार बंद झालं तसा त्याने डावा हात माझ्या कमरेला घातला. मी उजवा त्याच्या खांद्यावर टाकला. बारा वर्षांत पहिल्यांदा त्याने आपला सगळा भार माझ्यावर दिला. गाडी मैदानाच्या पलीकडे उभी होती, तिथवर आम्ही तसेच चालत गेलो.