इंजीन मागेच का जातं

दादांचा उजवा हात आजारातून परतला तो रुसलेल्या पाहुण्यासारखा. घरात होता, पण कुणाचं ऐकत नव्हता. चमचा उचलायला जावं तर पेल्यावर आपटायचा. चार महिन्यांच्या व्यायामाने तो पुष्कळसा ताळ्यावर आला, तरी दादांचा त्याच्यावरचा विश्वास काही परत आला नाही.

म्हणून वहिनींनी माळ्यावरून इंजीन काढलं. दादांनी ऐन उमेदीत स्वतः पत्रा कापून बनवलेलं, हिरवं, हातभर लांब, बॅटरीवर चालणारं. परसात त्याच्या रुळांचं वेटोळं अजून होतं. रिमोटचा दांडा पुढे ढकलला की इंजीन पुढे, मागे ओढला की मागे. हाताला याहून सोपं काम कुठलं द्यायचं? फक्त आतली बॅटरी फुगून फुटली होती आणि निम्म्या वायरी गंजवून बसली होती.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून वहिनी कामाला लागल्या. त्यांनी तीस वर्षं रेडिओच्या कारखान्यात सोल्डरिंग केलं होतं. एका रांगेत बावीस बायका, प्रत्येकीपुढे धुराची एक बारीक शेंडी, आणि पहिलीने धरलेलं गाणं बाविसावीपर्यंत पोचेतो त्याची चाल पार बदललेली. राळेचा तो वास पुन्हा नाकात शिरला आणि बोटं आपसूक चालू लागली. नवी हलकी बॅटरी बसली. रिमोटचा हुकूम ऐकून मोटरला वीज सोडणारी डबीही नवी घातली. तांबड्या वायरीला तांबडी, काळीला काळी, कारखान्याच्या शिस्तीने. वर पुढे एक दिवा लावला, जो आधी कधीच नव्हता.

मंगळवारी संध्याकाळी दादांनी परसात खुर्चीत बसून दांडा ढकलला. इंजीन मागे गेलं.

"अहो, पुढे ढकला ना."

"पुढेच ढकललाय." दादांनी बोटांकडे पाहिलं. "का नाही ढकलला?"

"माझ्या हातून वायर उलटी जोडली गेली असेल."

"तुझ्या हातून? तीस वर्षांत तुझा एक नग परत आला नाही. चूक याची आहे." त्यांनी डाव्या हाताने उजवा मांडीवरून उचलून बाजूला ठेवला. "रविवारी आपल्या छोट्या आगगाड्यांच्या क्लबवाल्यांना बोलाव. घेऊन जाऊ देत इंजीन. असल्या हातात कशाला हवंय?"

इंजीन गेलं की त्यामागोमाग व्यायामही जाणार, हे वहिनींना चांगलं ठाऊक होतं.

बुधवारी दुपारी दादा झोपले. रिमोट त्यांच्या उशाशी, आणि शेजारी पेपर वाचत राखणीला वन्सं, म्हणजे दादांची धाकटी बहीण. वहिनींनी स्वयंपाकघरात इंजीन उघडून मोटरच्या दोन वायरींची अदलाबदल केली. रिमोटशिवाय तपासता येईना, पण चुकणार काय त्यात? संध्याकाळी इंजीन मागे गेलं.

म्हणजे आधीचंच बरोबर होतं की काय? गुरुवारी त्यांनी वायरी पुन्हा फिरवल्या. इंजीन मागे. शुक्रवारी पुन्हा. तरी मागेच. तांबडी इकडे असो नाहीतर तिकडे, इंजिनाला त्याचं सोयरसुतक नाही! वहिनींनी चष्मा पुसला, दिव्याखाली वायरी पाहिल्या, कागदावर चित्र काढलं आणि खोडलं. भाजीत मीठ घातलं की नाही तेही त्यांना आठवेना. मग मनात नको ते आलं. दादांचा हात खरंच फितूर तर नाही?

शनिवारी दुपारी मात्र त्या रिमोटच आणायला गेल्या. पाहतात तो वन्सं केसांतल्या आकड्याने रिमोटच्या पाठीत काहीतरी टोचतायत.

"वन्सं! काय चाललंय?"

"हळू बोला, दादा उठेल. इथे एक खटका असतो, पुढचं मागे करायचा. क्लबच्या सेक्रेटरींनी फोनवर सांगितलं. बुधवारपासून रोज फिरवतेय मेला, पण फरक म्हणून नाही!"

"रोज?" वहिनी पलंगाच्या कडेला टेकल्या. "अहो, मी रोज वायरी फिरवतेय."

म्हणजे एकीने सुधारलेलं दुसरी रोज बिघडवत होती.

"मग सांगायचं नाही?" वन्सं म्हणाल्या.

"तुम्ही सांगितलंत?"

"तुमच्या कामात चूक काढायची? दहा वर्षं ऐकवलं असतंत."

"वीस," वहिनी म्हणाल्या.

खटका तेवढा फिरला होता; वायरींना त्या दिवशी अजून हात लागला नव्हता. दोघींनी स्वयंपाकघरात इंजीन उलटं धरून दांडा पुढे केला. चाकं मुकाट्याने पुढे फिरली. वन्संनी रिमोट परत उशाशी ठेवला.

संध्याकाळी दोघी खुर्चीमागे उभ्या राहिल्या. इंजीन मागे गेलं.

"अगं बाई!" वन्संच्या तोंडून निघालं.

वहिनींना क्षणभर परसच फिरल्यासारखं वाटलं. दुपारी डोळ्यांनी पाहिलेली चाकं कुणाची होती मग? त्या वाकल्या आणि त्यांची नजर दादांच्या अंगठ्यावर गेली.

"अहो, दांडा मागे ओढलाय तुम्ही."

"मुद्दाम ओढलाय!" दादा रडकुंडीला आले होते. "पुढे ढकललं की मागे जातं ना? म्हटलं, मागे ओढू, म्हणजे पुढे जाईल. सकाळभर पडल्या पडल्या घोकलंय. आता तेही नाही!"

"म्हणजे मागे ओढायचं तुम्ही ठरवलंत."

"हो."

"आणि हाताने मागे ओढला."

"हो. मग?"

"मग ऐकतोय की तो तुमचं."

दादांनी हाताकडे पाहिलं, इंजिनाकडे पाहिलं, मागे उभ्या बायकोकडे आणि बहिणीकडे पाहिलं. "मग चार दिवस काय चाललं होतं?"

"आम्ही दोघी," वन्सं म्हणाल्या.

"मला काही कळलं नाही. सावकाश सांगा."

"आधी पुढे ढकला," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी ढकलला. इंजीन थबकलं आणि दिवा मिरवत पुढे निघालं. दादांनी ते थांबवलं, मागे घेतलं, पुन्हा पुढे सोडलं.

"हे कुणी केलं? तुम्ही का मी?"

"तुम्ही."

"नक्की?" ते पुन्हा अंगठा हलवून बघू लागले.

"दादा, उद्या क्लबवाले येतील, त्यांना काय सांगू?" वन्संनी विचारलं.

"चहा दे त्यांना," इंजिनावरची नजर न काढता दादा म्हणाले. "म्हणावं, हात कामात आहे."