उलटा केलेला आवाज

स्वरूपचा सिंथ, म्हणजे सूर काढायची विजेची पेटी, जुना होता. मोडलेल्या एका बँड पार्टीकडून घेतलेला, वायर जोडायची जागा कधीच निकामी झालेली. म्हणून तो सिंथच्या स्पीकरसमोर माईक उभा करायचा आणि तसंच रेकॉर्डिंग करायचा. शहरातले स्टुडिओवाले हसतील. हसू देत. सांबरा गावात, घराच्या मागच्या खोलीत, भाताच्या पोत्यांच्या आडोशाला, ह्याहून वेगळी सोय नव्हती.

त्या माईकनंच घात केला.

मंडळाचा गणपती संध्याकाळी यायचा होता. मच्छे गावच्या डीजेवाल्या नागेंद्रनं चौकात स्पीकरच्या बॉक्सची भिंत रचली होती आणि दुपारी एकच बॉक्स लावून, आवाज बारीक ठेवून, स्वरूपनं बनवलेला ट्रॅक तपासत होता. स्वरूप शेजारी उभा होता, छाती फुगवून. ढोल थांबला. मधे फक्त सिंथचा लांबलचक सूर उरला आणि त्या सुराच्या पोटातून एक बाई बोलली.

"श्रेयांस, सोमवारी मामाकडं जाते म्हणून निघते. तू खानापूर टेशनावर थांब... थांब... थांब..."

तो आवाज स्वरूपच्या आक्काचा होता, पूर्णिमाचा.

सगळं त्याच्या डोक्यात एका दमात जुळलं. तो हेडफोन लावून वाजवत बसला की आक्का पोत्यांच्या पलीकडं फोन घेऊन जायची. ह्याला काय ऐकू येत नाही आणि सिंथच्या आवाजात घरच्यांनाही कळत नाही, असा तिचा हिशोब. त्याला खरंच ऐकू आलं नव्हतं. माईकला आलं होतं. वर ह्यानं काय केलं? सूर भरदार व्हावा म्हणून कॉम्प्रेसर लावला. त्यानं बारीकातला बारीक आवाज वर उचलला. मग आवाज घुमवणारा रिव्हर्ब, मग इको. एका बाजूनं मेलेल्या हेडफोनात जे पुसट खरखर वाटलं होतं, ते बॉक्समध्ये माणूस होऊन उभं राहिलं.

"हे काढतो," तो म्हणाला.

"येडा का खुळा रं तू?" नागेंद्र हसला. "बाई काय बोलाय लागल्या काय की, पन अंगावर काटा आला बघ. सबंध गाण्यात तेवढंच तर भारी हाय. हात लावायचा न्हाय!"

आता हे भारी म्हणजे काय होतं, ते नागेंद्रला कळायचं कारण नव्हतं. भावकू काकाची मुलगी नीलम दुसऱ्या जातीच्या पोराबरोबर बोलते हे घरात कळलं आणि आठवड्याच्या आत ती विहिरीत मेलेली सापडली. पाय घसरला, असं गावानं ठरवलं. पोलिसांनी लिहून घेतलं. बारा गावचं पाणी प्यालेली माणसं, पण एकाच्याही तोंडून फुटलं नाही की विहिरीचा कठडा कमरेएवढा आहे. नीलमच्या तेराव्याला मारुतीराव, म्हणजे स्वरूपचे वडील, आण्णा, जेवताना म्हणाले होते, "भावकूनं घराण्याचं नाक राखलं." आणि वरनं बुंदी मागून घेतली होती. असली ही नाकं!

आणि श्रेयांस आक्काच्या कॉलेजातला, निपाणीचा, जैनाचा.

स्वरूप धावत घरी आला. कॉम्प्युटर उघडला. जागा पुरत नाही म्हणून त्यानं नेहमीच्या सवयीनं मूळ रेकॉर्डिंग पुसून टाकलं होतं, इफेक्ट लावलेलं तेवढं ठेवलं होतं. सूर आणि आवाज आता एकजीव. चहात पडलेली साखर कोण वेगळी काढणार? पुन्हा वाजवून नवं दिलं तर नागेंद्र बाईचा आवाज मागणार.

शेवटी त्यानं तो अख्खा तुकडा उलटा केला. शेपटाकडून तोंडाकडं. शब्दांचं कडबोळं झालं. पेन ड्राइव्ह नेऊन नागेंद्रच्या हातात दिला.

"अजून भारी केलंय," तो म्हणाला.

संध्याकाळी चौक भरला. ट्रॅक सुरू झाला, पोरं नाचायला लागली. आण्णा फेटा बांधून बॉक्ससमोर, शेजारी भावकू काका. बायका पायऱ्यांवर, त्यांच्यात पूर्णिमा. ढोल थांबला. उलटा सूर फुगत फुगत वर आला आणि कुठल्या तरी परक्या भाषेत आक्का चौकभर बोलली.

पूर्णिमाच्या हातातलं ताट कलंडलं. शब्द कळत नव्हते, पण स्वतःचा गळा कुणाला ओळखू येत नाही?

आण्णांनी मान वळवली. स्वरूपला जवळ ओढून कानात विचारलं, "कुनाचा रं ह्यो आवाज?"

"कंप्युटरचा, आण्णा. त्यातच असतंय."

"कंप्युटर आपल्या पूर्णीगत बोलतोय व्हय?" ते हसले. डोळे मात्र हसत नव्हते. ते पायऱ्यांकडं बघत होते.

तेवढ्यात नागेंद्रचा माईक कडाडला. "मंडळी, आवडलं न्हवं? आता ह्याच गाण्याचं मूळ ऐका! बाई काय म्हनती ते नीट ऐका!"

दुपारची फाईल नागेंद्रनं पुसलीच नव्हती.

स्वरूपला ट्रॅक पाठ होता. बाई बोलायच्या आधी ढोलाचा लांब तुकडा होता. तेवढाच वेळ. गर्दीत शिरून त्यानं पूर्णिमाचा दंड धरला.

"आक्का, चल."

"कुटं?"

"निपाणीला. फोन कर त्याला. वाटेत कर."

तिनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. कळलं तिला. "सोमवारी—" एवढंच पुटपुटली.

"सोमवार आता गावाला कळतोय. गाडी घरासमोर हाय, पळ!"

बॉक्स इतके दणाणत होते की दारात मोटारसायकल सुरू झालेली शेजारणीलाही ऐकू गेली नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं संगीत कुणाच्या उपयोगी पडलं. चप्पल घालायलाही तिला सवड झाली नाही.

गावाबाहेरच्या विमानतळाच्या भिंतीकडेला ते पोचले आणि मागं ढोल थांबला. तिची नखं त्याच्या खांद्यात रुतली. शेतांवरून, लांबून, पण स्पष्ट आवाज आला.

"श्रेयांस..."

मग गाणं मधेच तुटलं. कुणीतरी वायर उपटली होती.

"नागेंद्रदादानं बंद केलं असंल," ती म्हणाली.

"न्हाय, आण्णांनी," स्वरूप म्हणाला. त्यानं आरशात पाहिलं. गावाकडून गाडीचे दोन दिवे त्यांच्या मागं निघाले होते. त्यानं गाडीची मूठ पार शेवटपर्यंत पिळली.