घरातलं स्थळ

"माय, मान घट धर. हलला की कापंल त्याला."

"धरलीय की! तूच हळू चालव," गीताबाई म्हणाली आणि तिने माउलीचे डोके छातीशी आणखी आवळून घेतले.

माउली सव्वीस वर्षांचा होता. ना चालणे, ना बोलणे, ना आपले आपण बसणे. दाढी मात्र चारचौघांसारखी वेळेवर आणि दाट आली होती. ती दर रविवारी धाकट्या बहिणीने, विजयश्रीने, करायची. खटकचिंचोळीतला न्हावी दोनदा येऊन गेला होता आणि दुसऱ्यांदा जाताना त्याने कानाला खडा लावला होता.

आज जरा घाई होती. दुपारी धनराजमामा येणार होता, आणि आज तो नुसता मामा म्हणून येणार नव्हता.

धनराज हा गीताबाईचा धाकटा भाऊ. भालकीत मोटर रिवायंडिंगचे दुकान, सुपारीच्या खांडाचेही व्यसन नाही. "विजूला मी करून घेतो," असा त्याचा निरोप आला होता. त्या भागात भाची करून घेण्यात नवल काहीच नव्हते. गीताबाई स्वतः मामालाच दिलेली. तिचे यजमान, कैलासवासी श्रीपतराव, हे तिच्या आईचे सख्खे भाऊ. घरातली मुलगी घरात राहते, जमीन फुटत नाही, असा सगळा सोयीचा हिशेब.

बाहेरची स्थळे आली नव्हती असे नाही. उदगीरचे पाहुणे पोहे खाऊन चांगले हसत-बोलत बसले होते. तेवढ्यात आतून माउलीचा आवाज आला. गीताबाईने लपवाछपवी केली नाही, त्यांना आत नेऊन दाखवले. पाहुण्यांनी चहा उभ्याउभ्याच घेतला आणि पुन्हा फोन केला नाही. औरादच्यांनी फोन तरी केला. पोरगी पसंत आहे, पण तिच्यामागे ते लचांड नको, असे ते म्हणाले.

लचांड! विजयश्रीला त्या शब्दाचा संताप आला होता. आणि खरे सांगायचे तर हा शब्द तिच्याही मनात कितीदा येऊन गेला होता. ती माउलीहून तीन वर्षांनी लहान, पण त्याची थोरली कधी झाली ते तिला आठवत नव्हते. शाळेत मधली सुट्टी झाली की पोरी लंगडी खेळायच्या आणि ही घराकडे पळायची, माउलीला कुशीवर वळवायला. नाहीतर पाठीला जखमा व्हायच्या. सहलीला ती कधीच गेली नाही. एकदा रागाच्या भरात तिने त्याला कचकचून चिमटा काढला होता. तो हसला. बहिणीचा हात लागला एवढेच त्याला कळायचे. मग तीच न्हाणीत जाऊन रडली. आता ती भालकीच्या एका मेडिकलमध्ये कामाला होती. संध्याकाळी तिच्या चपलांचा आवाज आला की माउली सगळ्या अंगाने हलायचा. तिचा त्याच्यावर जीव होता आणि ती त्याला कंटाळलीही होती. दोन्ही खरेच होते.

म्हणून मामाचा निरोप आला तेव्हा तिला आधी हायसेच वाटले होते. उचलायला आणखी दोन हात मिळणार होते.

पण बीदरच्या डॉक्टरांचे बोलणे तिच्या मनातून जात नव्हते. तेव्हा ती सातवीत होती. माउलीचे पाय मांडीवर घेऊन बसली होती. डॉक्टरांनी गीताबाईला कन्नडमध्ये विचारले होते, नवरा नात्यातला का? सख्खा मामा, असे कळल्यावर त्यांनी पेन खाली ठेवला. पिढ्यानपिढ्या असे जवळच्या नात्यात लग्न झाले की मुले अशी होण्याचा धोका वाढतो, निदान पुढे तरी टाळा, असे ते म्हणाले. घरी येईपर्यंत मायलेकी एकमेकींशी एक अक्षर बोलल्या नाहीत. गावात कारण आधीच ठरलेले होते: पोटुशी असताना गीताबाईने ग्रहणात वांगी चिरली. गीताबाईनेही ते कधी नाकारले नव्हते. त्या घरात तेव्हापासून वांगे शिजले नव्हते.

आईला डॉक्टरांचे बोलणे उमगलेच नाही, असे विजयश्री इतकी वर्षे धरून चालली होती. मामाला नाही म्हणायचे तर ते आईच्या तोंडावर सांगावे लागणार, की माय, तुझ्या लग्नामुळे हा असा झाला. त्याला तिची जीभ रेटत नव्हती.

धनराज आला. गाडी लावून आधी माउलीकडे गेला, एका दमात त्याला उचलले आणि अंगणातल्या बाजेवर उन्हाला निजवले. माउली खिदळला. मग धनराजने साडी-नारळाची पिशवी ओसरीवर ठेवली आणि चपला काढून बसला.

"अक्का, मी काय परका हाय का? माउलीला मी टाकनार न्हाई. तुझ्या माघारी बी न्हाई. हितंच आनखी येक खोली बांधतो."

तो शब्दाचा पक्का होता. खोटारडा असता तर सोपे गेले असते.

गीताबाई पदराचे टोक बोटाला गुंडाळत बसली होती. धनराज भाचीकडे वळला. "विजू, तू तरी बोल की. कामून गप बसलीस?"

विजयश्रीने माउलीकडे पाहिले. ती फार थकली होती. होकार अगदी ओठांवर आला होता.

"ती काय बोलंल? मी बोलते," गीताबाई म्हणाली. "धनू, पिशवी उचल."

"कामून?"

"माउली असा कामून झालाय, ठावं हाय तुला?"

"गिरानात वांगी चिरलीस म्हनं..."

"वांग्याचं खोटं हाय. मामाला दिली मला, म्हनून झालंय. डॉक्टर सांगला. मधली पोर बी तसलीच झालती, सहा म्हैने बी न्हाई जगली."

"आन् विजू? ती बी तुझ्याच पोटची ना? धडधाकट हाय की!"

"ती वाचली बाबा. आता तिच्या पोटी परत तेच आलं तर?"

"म्हंजे मी वाईट?"

"तू चांगला हाईस रे. म्हनूनच जड जायलंय."

धनराजचा चेहरा उतरला. "दुसरा कोन येनार हाय हितं, अक्का? दोन स्थळं बघितलीस की. उद्या माउलीला कोन उचलनार?"

"कोन न्हाई आलं तर न्हाई," गीताबाई म्हणाली.

"आन् आईला काय सांगू मी? तिनंच तुला मामाच्या घरी दिलती. तू तिच्यावर बोट ठिवलीस म्हनून सांगू? मग अवंदा दिवाळीला येऊ नको तिकडं. ती तोंड बघनार न्हाई तुझं."

"सांग. खरं हाय ते सांग."

विजयश्री आईकडे बघत राहिली. आजीला आणि वडिलांना कुणी नावे ठेवू नयेत, म्हणून या बाईने इतकी वर्षे तो आळ गुमान अंगावर घेतला होता. आणि आज पोरीसाठी माहेरच तोडून टाकले.

धनराजने पिशवी उचलली. जाताना बाजेपाशी थांबला, खिशातल्या रुमालाने माउलीची हनुवटी पुसली आणि मागे न बघता गाडीला किक मारली.

विजयश्री ओसरीवर आईशेजारी येऊन बसली.

"माय, तुला ठावं होतं?"

"तुला बी ठावं होतं की."

"मग कधी बोलली न्हाईस?"

"तू तरी कुठं बोललीस?"

गीताबाईने डोळे पुसले नाहीत, नुसते मिटून उघडले. मग गुडघ्यावर हात देऊन उठली. ऊन माउलीच्या तोंडावर आले होते. तिने त्याच्या काखेत हात घातले, विजयश्रीने पाय धरले. तो खेळात असल्यासारखा हसत होता आणि हसला की त्याचे अंग लाकडासारखे ताठायचे, आणखी जड व्हायचे. अंगण संपेस्तोवर दोघींना धाप लागली. उंबऱ्याशी गीताबाई थांबली.

"हात सुटायलाय का गं?"

"न्हाई," विजयश्री म्हणाली. "तू चल."