सहाव्या वाफ्याचा चमत्कार

सगळे तिला मोजपट्टी म्हणत, कारण दिसेल ते मोजायची तिला खोडच होती. दोन वर्षं ती संशोधन केंद्रात सूर्यफुलांचे सहा वाफे सांभाळत होती. कुणाला पोटभर पाणी, कुणाला निम्मं. कुणाला युरियातलं नत्र, कुणाला ठेंगा. दुष्काळात तेलाचं काय होतं, हा तिच्या प्रबंधाचा विषय. त्यावर सही व्हायची होती मोठ्या साहेबांची.

गोची केली सहाव्या वाफ्याने. निम्मं पाणी, नत्र शून्य, म्हणजे त्याने मुकाट्याने सुकायला हवं होतं. पण शेडच्या भिंतीलगतचा हा पठ्ठ्या हिरवागार, फुलं ताटाएवढी. साहेब हरखले. हवेवर जगणारं वाण आपण शोधलं, असं सोमवारच्या पाहुण्यांसाठी भाषणही त्यांनी लिहून टाकलं. प्रबंधातही हेच यायला हवं, म्हणाले. आता हे लिहावं तर बाहेरचे परीक्षक सोलून काढणार, आणि न लिहावं तर सही बोंबलणार. मोजपट्टीची झोपच उडाली.

तिची आत्या केंद्रातच तेल तपासायची. सहाव्या वाफ्याची पहिली पिकलेली फुलं तिने झोडली, बी यंत्रात घातलं आणि चष्मा कपाळावर सारला. दाणा टपोरा, पण तेल कमी आणि प्रथिनं भरमसाठ. नत्र जास्त झालं की असंच होतं.

"हा काही उपाशी नाही गं," आत्या म्हणाली. "कुणीतरी चोरून चारतंय याला."

युरियाच्या खोलीला कुलूप आणि किल्ली मोजपट्टीच्याच गळ्यात. मग चारतंय कोण? दुसऱ्या दिवशी ती वरच्या मजल्यावरच्या खिडकीत दबा धरून बसली. अकराचा चहा झाला. साहेब डुलत डुलत शेडमागे आले, इकडेतिकडे बघितलं आणि शीळ घालत सहाव्या वाफ्याच्या कडेला, भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. तिने मान झटकन फिरवली, पण वेळ मोजलाच: सव्वा मिनिट. जेवण झाल्यावर पुन्हा तेच. घरी निघताना पुन्हा.

पाणी वाचवा म्हणून इमारतीतल्या संडासांचा नळ साहेबांनीच बंद करवला होता. बायका बिचाऱ्या दोन इमारती ओलांडून जायच्या. साहेबांना विज्ञान जवळ पडत होतं.

मोजपट्टी आत्याच्या तपासणीचा कागद आणि एक काचेचं मोजपात्र घेऊन त्यांच्या खोलीत गेली.

"सर, सहाव्या वाफ्याला रोज तीनदा नत्र मिळतंय."

"कोण देतंय? नाव सांग, आत्ता काढून टाकतो त्याला."

"तुम्ही देताय, सर."

साहेबांनी कागद वाचला. मग उलटा करून पाठची कोरी बाजूही बराच वेळ वाचली.

मोजपट्टीने मोजपात्र टेबलावर ठेवलं आणि शांतपणे सांगितलं, की एक तर हा वाफा प्रयोगातून रद्द करा, नाहीतर नत्र कुठून आणि किती आलं ते प्रबंधात लिहावं लागेल. आणि मात्रा लिहायची तर मोजून द्यावी लागेल.

साहेब कानापर्यंत लाल झाले. दुपारपर्यंत संडासांना पाणी आलं, भाषण टोपलीत गेलं आणि प्रबंधावर सही झाली. रद्द करण्याचा अर्ज त्यांनी स्वतःच्या हाताने भरला. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: वाफ्यात जनावर शिरले.

मोजपट्टीने ते दोनदा वाचलं. साहेबांच्या लिखाणात दुरुस्त करायला काहीच सापडलं नाही, असं दोन वर्षांत पहिल्यांदाच होत होतं.